गाडीतले ‘आम्ही’

परदेशातल्या ग्रामीण भागातून नवरा-बायकोने भाड्याची मोटार घेऊन केलेल्या प्रवासाची वर्णने मराठीत आता बरीच येतात. दिवाळी अंकांत येतात, पुरवण्यांत येतात, पुढे पुस्तकरूपानेही येतात. स्कॉटलंड हा त्यांतला एक आवडता मुलूख. तिथे वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, पाहुण्याला भारतातल्या परवान्यावर वर्षभरापर्यंत गाडी चालवता येते, आणि इन्व्हर्नेसहून निघून उत्तर किनाऱ्याने फिरणाऱ्या सुमारे पाचशे मैलांच्या वाटेला २०१५ साली ‘नॉर्थ कोस्ट ५००’ असे नाव मिळाल्यापासून तिकडचा ओघ वाढलेला आहे. एकच गाडी मावेल एवढा रस्ता, समोरून दुसरी आली तर थांबण्यासाठी ठेवलेली रुंद जागा, हात वर करून आभार मानणारा अनोळखी चालक, वाटेत निवांत बसलेल्या मेंढ्या, हे सारे या लेखांत असते आणि पुष्कळदा चांगले उतरलेले असते. माझी तक्रार त्या वर्णनांविषयी नाही. ती एका सर्वनामाविषयी आहे.

‘आम्ही सकाळी नऊला निघालो. वाटेत एका खेड्यात आम्ही थांबलो. दिवसभरात आम्ही तीनशे किलोमीटर गाडी चालवली.’ अशा धाटणीची वाक्ये या लेखनात पानोपानी भेटतात. पहिल्या दोन वाक्यांना हरकत घेण्याचे कारण नाही. एका गाडीतली दोन माणसे एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी थांबतात. तिसरे वाक्य मात्र जसेच्या तसे खरे असू शकत नाही. सुकाणूचक्र एका वेळी एकाच्याच हातात असते. तीनशे किलोमीटर कोणी चालवली, आणि त्या वेळात दुसऱ्याने काय केले? झोप काढली, नकाशा धरला, ब्रेकच्या जागी नुसताच पाय दाबला, की तासभर अबोला धरला? प्रवासवर्णनाचा वाचक म्हणून मला हे कळायला हवे असे वाटते. पण ‘आम्ही’ या शब्दाने ते दार लावून घेतलेले असते.

मराठीत हे दार इतर पुष्कळ भाषांपेक्षा अधिक घट्ट बसते, आणि याचा विचार आपण साहित्याच्या वर्गात फारसा करीत नाही. मराठीत अनेकवचनी प्रथम पुरुष दोन आहेत. ज्याच्याशी बोलतो त्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा हाच भेद आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही, इंग्रजीत नाही, फ्रेंच-स्पॅनिशमध्येही नाही. गाडीत बसलेले जोडपे एकमेकांशी ‘आपण’मध्ये बोलते. ‘आपण इथे वळायला हवे होते’, ‘आपण चुकलो वाटते’. घरी परतून त्यांतला एक जण लिहायला बसतो, आणि लिहिताना तो वाचकाशी बोलत असल्यामुळे व्याकरणानेच त्या ‘आपण’चा ‘आम्ही’ होतो. संभाषण असते ते निवेदन होते. ज्याला उद्देशून ‘आपण’ म्हटले होते तो आता कोणाचाच श्रोता नाही. तो निवेदकाच्या वाक्यातला मुकाट भागीदार आहे.

दुसरी गोष्ट लिंगाची. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत बोलणारा पुरुष की स्त्री हे मराठी लपवू देत नाही. प्रवासाची बहुतेक क्रियापदे अकर्मक आहेत. जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, थांबणे, भटकणे, दमणे. त्यामुळे एकट्याने लिहिलेल्या मराठी प्रवासवर्णनात वाक्यावाक्याला लेखकाचे लिंग उमटत राहते. ‘आम्ही’ आला की ते पुसले जाते. ‘आम्ही गेलो’, ‘आम्ही दमलो’, बस. दोन माणसे, दोन देह, दोन प्रकारची दमणूक, क्रियापद एकच. (सकर्मक क्रियापदांचे गणित वेगळे. ‘मी डोंगर पाहिला’ यात डोंगराचे लिंग दिसते, पाहणाऱ्याचे नाही. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत ‘पाहिले’ इतके का येते याचा शोध कोणी तरी या अंगाने घ्यायला हरकत नाही.)

मोटारीतून केलेल्या परदेशभ्रमणाचे लेखन जवळजवळ मोटारीइतकेच जुने आहे, आणि ‘आम्ही’चा हा पेच तेव्हापासूनच आहे. ईडिथ व्हॉर्टनचे ‘अ मोटर-फ्लाइट थ्रू फ्रान्स’ १९०८ साली प्रसिद्ध झाले. १९०६ आणि १९०७ या वर्षांतल्या सफरी त्यात आहेत. ही अमेरिकन लेखिका आणि तिचा नवरा टेडी यांनी पॅनार्ड गाडीतून रूआँ, क्लेरमाँ-फेराँ, नोआँ, पो, प्रोव्हान्स असा मुलूख पालथा घातला; १९०७च्या सफरीत खुद्द हेन्री जेम्स त्यांच्याबरोबर होता. रेल्वेच्या वेळापत्रकातून आणि स्टेशनाच्या भकास आवारातून सुटका झाली, गावात गावाच्याच रस्त्याने शिरता येऊ लागले, याचा या पुस्तकातला आनंद आजही ताजा वाटतो. वास्तूंविषयीची तिची जाण पक्की आहे, जॉर्ज सँडच्या नोआँमधल्या घराविषयीची पाने सुंदर आहेत. पण साऱ्या पुस्तकभर एक ‘वुई’ फ्रान्समधून धावत असतो आणि त्यात कोण कोण आहे हे सांगितले जात नाही. नवरा नाही, जेम्स नाही. आणि गाडी प्रत्यक्षात चालवणारा, व्हॉर्टन कुटुंबाच्या नोकरीतला चार्ल्स कुक, तो तर नाहीच. स्वातंत्र्याचे एवढे गुणगान करणारे हे पुस्तक. पण त्यातले सुकाणूचक्र पगारी माणसाच्या हातात होते. पुढे १९१३ साली व्हॉर्टन पती-पत्नींचा घटस्फोट झाला. आज चरित्रे हाताशी असल्यामुळे आपण ते ‘वुई’ वेगळ्या कानांनी ऐकतो. कॅथीड्रलच्या दगडांवर इतकी बारीक नजर रोखून धरणारी ही लेखिका शेजारच्या आसनाकडे पाहायचे टाळत होती काय, असा प्रश्न मला प्रत्येक वाचनात पडतो. त्याचे उत्तर पुस्तकात नाही, आणि ते तिथे असायलाच हवे होते असा माझा आग्रहही नाही. पण ज्या शतकात मोटारीने माणसाला आपला मार्ग आपण निवडायची मुभा दिली, त्या शतकाच्या आरंभीच मोटारीतल्या माणसांना अदृश्य करणारे हे सर्वनाम रूढ झाले, याची नोंद तरी व्हायला हवी.

याच्या उलटही घडते. जॉन स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) हे परदेशाचे नव्हे, त्याच्याच अमेरिकेचे वर्णन. एकटा लेखक, त्याचा कुत्रा आणि ‘रोसिनांते’ नावाची गाडी अशी त्याची प्रतिमा जगभर पोहोचली आहे. १९६०च्या त्या प्रवासात पश्चिम किनाऱ्यावर बराच काळ त्याची पत्नी इलेन त्याच्या सोबत होती. हस्तलिखितात ती होती. छापील पुस्तकातल्या त्या भागातून ती गेली. तिथे ‘आम्ही’चा ‘मी’ केला गेला, कारण एकाकी भटक्याची कथा अधिक खपते, किंवा अधिक शोभते. कुत्र्याचे नाव मुखपृष्ठावर राहिले.

आपल्याकडे सुरुवात ‘अपूर्वाई’पासून करावी लागते. १९६०चे हे पुस्तक मोटारभ्रमणाचे नव्हे. बोट, आगगाडी, बस यांचे आहे. तरीही जोडप्याने केलेल्या परदेशप्रवासाचा मराठी साचा त्यानेच घातला. पु. ल. आणि सुनीताबाई बरोबर आहेत. सुनीताबाई पुस्तकात आहेतही. व्हॉर्टनच्या टेडीसारख्या त्या गायब नाहीत. पण त्या आहेत त्या पुलंच्या वाक्यांत. त्यांच्या वाट्याला जे बोलणे येते ते पुलंच्या विनोदाला टेकू देण्यापुरते. यात दोष काढण्यासारखे काही नाही, विनोदी निवेदनाची ती गरजच असते आणि पुलंनी ती स्वतःवर पुरेशी चेष्टा ओढवून घेऊन भागवली आहे. मात्र तीस वर्षांनी, १९९० साली, ‘आहे मनोहर तरी’ आले, आणि ज्या वाचकांनी ‘अपूर्वाई’ पाठ केले होते त्यांना कळले की त्या ‘आम्ही’मधल्या दुसऱ्या माणसाकडे स्वतःची भाषा होती, स्वतःचा हिशेब होता आणि तो वेगळा लागत होता. त्या पुस्तकावर झालेल्या गदारोळाकडे आपण नेहमी पुलंच्या प्रतिमेला धक्का बसला या बाजूने पाहतो. मला तो धक्का व्याकरणाचाही वाटतो. मराठी वाचकाने एका ‘आम्ही’वर तीस वर्षे विश्वास ठेवला होता.

‘अपूर्वाई’नंतर पुलंची प्रतिभा मागे राहिली आणि साचा तेवढा पुढे आला. पुरुषांच्या लेखांत ‘सौ.’ येते, ती खरेदी करते, थंडीने कुडकुडते, थर्मासमधला चहा ओतते. स्त्रियांच्या लेखांत ‘हे’ येतात. ते गाडी चालवतात, पार्किंग शोधतात, वाटेत कोणाला पत्ता विचारायचा नाही असा त्यांचा बाणा असतो. दोन्हीकडे दुसऱ्या माणसाला नाव नसते. गेल्या काही वर्षांत नावे येऊ लागली हे खरे. ‘ह्यांनी’च्या जागी ‘संदीपने’ आले. पण नाव आले म्हणून आवाज येतोच असे नाही. आणि आणखी एक बदल झाला आहे त्याची दखल घेतो. पूर्वी नकाशा मांडीवर घेऊन बसणारा जो शेजारी होता, ज्याच्याशी प्रत्येक फाट्यावर वाद होत असे, त्याचे काम आता फोनमधल्या बाईने घेतले आहे. रस्ता चुकण्याचे भांडण हे या साहित्यप्रकारातले उरलेसुरले नाट्य होते, तेही गेले. लेख अधिक सुखाचे झाले आहेत. वाचताना मी ते लवकर उलटतो.

सिनेमाने या बाबतीत साहित्यावर मात केली असे म्हणावे लागेल. कॅमेऱ्याला सर्वनाम नाही. त्याला दोन्ही आसने दिसतात. रोबेर्तो रोसेलिनीचा ‘व्हियाज्जो इन इतालिया’ (१९५४) सुरू होतो तोच इटलीच्या ग्रामीण रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीत. अ‍ॅलेक्स आणि कॅथरिन जॉइस हे इंग्रज जोडपे एका मृत आप्ताचे घर विकण्यासाठी नेपल्सकडे चालले आहे. जॉर्ज सँडर्स पेंगुळलेला आहे, इंग्रिड बर्गमन गाडी चालवते आहे. कुठे आलो हे तो विचारतो, तिला नक्की ठाऊक नाही. लग्नाला आठ वर्षे झाली, आणि या प्रवासात कळते की इतका वेळ दोघेच असे ते यापूर्वी कधी राहिलेलेच नव्हते. मित्र, मेजवान्या, व्यवसाय यांनी घरातली हवा भरलेली होती. गाडीत ती नाही. परका मुलूख काचेबाहेर आहे आणि आत दोन परकी माणसे.

नेपल्सला पोहोचल्यावर चित्रपट त्यांना वेगळे करतो. तो काप्रीला जातो. ती एकटी गाडी काढून संग्रहालयात, क्यूमेच्या गुहेत, गंधकाच्या वाफांनी धुमसणाऱ्या जमिनीवर फिरते. रस्त्याने गाडी हाकताना ती स्वतःशीच पुटपुटते, कधी नवऱ्यावर चिडून. समोरून मात्र बाबागाड्या, गरोदर स्त्रिया, अंत्ययात्रा सरकत असतात. जोडप्याच्या प्रवासाचे इतके खरे चित्र मी कुठल्याही प्रवासवर्णनात वाचलेले नाही. कारण जोडप्याने प्रवास करणे म्हणजे पुष्कळदा हेच असते; शेजारी नसलेल्या माणसाशी चाललेला वाद, आणि त्या वादाच्या आडून अर्धवट दिसलेला देश. ‘आम्ही’ लिहिणाऱ्याला हे सांगताच येत नाही. पुढे पाँपेईच्या उत्खननात ज्वालामुखीच्या राखेतल्या पोकळीत प्लास्टर ओतून दोन देहांचे आकार बाहेर काढले जातात, एकत्र मेलेल्या एका जोडप्याचे, आणि कॅथरिनला ते पाहवत नाही. शेवटी घटस्फोटाची बोलणी गाडीत चालू असताना एका धार्मिक मिरवणुकीने रस्ता अडतो. ते खाली उतरतात, गर्दी तिला ओढून नेते, आणि मग समेट होतो. हा समेट अनेकांना खोटा वाटतो. वाटो. मला त्यात एवढेच महत्त्वाचे वाटते की तो गाडीच्या बाहेर होतो, परक्यांच्या गर्दीत, जिथे काचेचे संरक्षण संपते. इटलीने त्या दोघांसाठी काही केले असेल तर ते दृश्य बनून नव्हे, अडथळा बनून केले.

सिनेमाला जमले ते लेखनाला जमणारच नाही असे मात्र नाही. याचा दाखला म्हणून मी हुलिओ कोर्तासार आणि कॅरल डनलॉप यांचे ‘लोस आउतोनाउतास दे ला कोस्मोपिस्ता’ हे पुस्तक पुढे करतो. कोर्तासार आपल्याकडे ‘रायुएला’चा कादंबरीकार आणि विलक्षण कथांचा लेखक म्हणून माहीत आहे. डनलॉप ही अमेरिकेत जन्मून कॅनडात स्थायिक झालेली लेखिका, अनुवादक आणि छायाचित्रकार, त्याच्याहून वयाने पुष्कळ लहान, त्याची पत्नी. ब्रसेल्समध्ये जन्मलेला हा अर्जेंटिनी माणूस १९५१पासून फ्रान्समध्ये राहत होता आणि १९८१ साली तिथला नागरिक झाला होता, तरी फ्रान्स हा दोघांचाही जन्माचा देश नव्हे. २३ मे १९८२ रोजी ही दोघे एका लाल फोक्सवॅगन व्हॅनमधून पॅरिसहून निघाली आणि २३ जूनला मार्सेला पोहोचली. अंतर सुमारे आठशे किलोमीटर. कोणीही एका दिवसात पार करतो. त्यांना महिना लागला, कारण त्यांनी खेळाचे नियम केले होते. महामार्ग सोडून एकदाही बाहेर पडायचे नाही. वाटेतला प्रत्येक विश्रांतिथांबा घ्यायचा, रोज दोन, आणि दुसऱ्या थांब्यावर मुक्काम करायचा. पाहिले ते टिपायचे, आणि त्याचे पुस्तक करायचे. महामार्ग चालवणाऱ्या कंपनीला त्यांनी परवानगीचे पत्र पाठवले होते; उत्तर आले नाही. ताजे अन्न घेऊन मित्र मधूनमधून वाटेत येऊन भेटत.

या नियमांचा परिणाम असा की बर्गंडीचे द्राक्षमळे, ऱ्होनचे खोरे, प्रोव्हान्सची खेडी, म्हणजे व्हॉर्टनने ज्यांच्यासाठी गाडी काढली होती ते सगळे, कुंपणापलीकडे राहते. दिसते, पण तिथे जाता येत नाही. हाताशी उरते ते थांब्यावरचे एखादे झाड, गवतातले किडे, कचऱ्याचे डबे, जेवणाचे बाक, देशोदेशीचे ट्रकवाले, अर्ध्या तासासाठी उतरणारी कुटुंबे. आणि एकमेकांची सोबत. प्रेक्षणीय असे काही नसल्यामुळे पाहणाऱ्याकडे लक्ष जाते. पुस्तकात रोजनिशी आहे. वेळा, तापमान, काय खाल्ले, व्हॅनचे तोंड कोणत्या दिशेला होते. व्हॅनचे नाव फाफ्नर, वाग्नरच्या संगीतिकेतल्या अजगराचे. छायाचित्रे आहेत, थांब्यांची रेखाटने आहेत, ती डनलॉपच्या मुलाने मागाहून केलेली. आणि मजकूर दोन हातांनी लिहिलेला आहे. तो तिला ओसिता म्हणतो, म्हणजे अस्वलाची पोर. ती त्याला लोबो म्हणते, म्हणजे लांडगा. एका प्रकरणात लांडगा टंकलेखन यंत्राशी बसलेला दिसतो कारण अस्वलाची पोर त्याच्याकडे पाहते आहे; दुसऱ्यात ती झोपलेली दिसते कारण लांडगा जागा आहे.

मला हे पुस्तक आदर्श वाटते ते गोडव्यासाठी नव्हे. गोडवा त्यात जरा जास्तच आहे, आणि विज्ञानमोहिमेच्या भाषेचे विडंबन शंभर पानांनंतर थकवते. आदर्श वाटते ते या साध्या गोष्टीसाठी की तिथे ‘आम्ही’ची फोड होते. कोण पाहते आणि कोणाला पाहिले जाते हे पानापानाला बदलते. मराठी वर्गात आपण प्रवासवर्णनाच्या प्रश्नपत्रिकेत ‘लेखकाची सौंदर्यदृष्टी’, ‘निसर्गचित्रण’, ‘शैली’ हे मुद्दे काढतो. बरोबर कोण होते, आणि त्याने काय पाहिले असेल, हा प्रश्न मी अजून एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. तो विचारला की ‘अपूर्वाई’ काय किंवा परवाच्या दिवाळी अंकातला स्कॉटलंडचा लेख काय, दोन्ही वेगळे वाचावे लागतील. आणि मला वाटते लेखक मंडळीही वेगळे लिहू लागतील. पतीने काही पाने लिहावीत, पत्नीने काही, दोघांच्या नोंदी जिथे जुळत नाहीत तिथे त्या तशाच सोडाव्यात. यात तंत्राची काही मोठी क्रांती नाही. मात्र संपादकांनी ती मागायला हवी.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दोन माणसांमधले खासगीपण वाचकाच्या मालकीचे नाही. ‘आम्ही’ हा मराठी माणसाचा संकोच आहे आणि संकोच ही सभ्यता आहे. हे मी अर्धे मान्य करतो. स्कॉटलंडच्या रस्त्यावर झालेले भांडण छापावे असे माझे म्हणणे नाही. व्हॉर्टनच्या मौनात एक प्रतिष्ठा आहेच. पण संकोचाची किंमत दोघे सारखी मोजत नाहीत. ज्याच्या हातात लेखणी असते त्याचा संकोच हा निवडीचा भाग असतो. दुसऱ्याला त्यात विचारलेले नसते. तळ्याकाठी थांबलेल्या गाडीतून ‘आम्ही मंत्रमुग्ध झालो’ असे लिहिताना शेजारचे माणूस मंत्रमुग्ध झाले होते की त्याला भूक लागली होती, हे लेखकाला पुष्कळदा ठाऊकही नसते. मंत्रमुग्ध झालो असे लिहिण्याचा अधिकार त्याला स्वतःपुरताच आहे.

आता कोर्तासारच्या पुस्तकाची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझी शिफारस भाबडी ठरेल. डनलॉपने आपला मजकूर फ्रेंचमध्ये लिहिला होता, कोर्तासारने स्पॅनिशमध्ये. प्रवास संपल्यावर दोघे निकाराग्वाला गेली, तिथे ती आजारी पडली, परत पॅरिसला आली आणि २ नोव्हेंबर १९८२ रोजी वारली. ती छत्तीस वर्षांची होती. कागदपत्रांची जुळवाजुळव कोर्तासारने एकट्याने केली. तिची पाने त्यानेच स्पॅनिशमध्ये आणली. पुस्तक १९८३ साली निघाले, दोघांच्या नावांनी. त्याचे मानधन सँडिनिस्टांच्या निकाराग्वाला द्यायचे ठरलेले होते, तसे त्याने दिले. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी तोही गेला. म्हणजे आपण स्पॅनिशमध्ये वाचतो तो तिचा आवाज त्याच्या हातून आलेला आहे. काय ठेवले, काय गाळले, कुठे तिचे वाक्य त्याच्या लयीत वळले, याला विरोध करायला ती नव्हती. ‘आम्ही’ची फोड करणाऱ्या या पुस्तकातही शेवटचा हात एकाचाच. त्याने तो कितीही प्रेमाने फिरवला असला, आणि मला तो प्रामाणिकही वाटतो, तरी विद्यार्थ्यांना हे पुस्तक देताना ही माहिती आधी द्यावी. त्याचा फ्रेंच पाठ हाताशी असेल तर तिच्या प्रकरणांपुरता तो आधी वाचावा. इंग्रजीत वाचणाऱ्यांसाठी अ‍ॅन मॅक्लीनचा अनुवाद २००७ साली निघालेला आहे.

मराठीत हे पुस्तक आणायचे झाले तर अनुवादकापुढे पहिल्याच पानावर सर्वनामाचा प्रश्न उभा राहील. स्पॅनिश क्रियापदात कर्ता पोटात असतो. ‘नोसोत्रोस’ न लिहिताही वाक्य ‘आम्ही’चे होते, आणि ते ऐकणारा आत की बाहेर हे सांगावे लागत नाही. मराठीत सांगावे लागते. वाचकाला उद्देशून असलेल्या भागांत ‘आम्ही’ आलेच. पण लांडगा आणि अस्वलाची पोर जिथे एकमेकांसाठीच लिहितात, वाचक जिथे शेजारच्या बाकावर बसून चोरून ऐकल्यासारखा असतो, तिथे मी अनुवादक असतो तर ‘आपण’ वापरले असते. आणि पुस्तकाच्या शेवटी, ती गेल्यानंतर डिसेंबरात कोर्तासारने एकट्याने लिहिलेले जे टिपण आहे, तिथे पंचाईत आहे. वाचकाला सांगायचे म्हणून ‘आम्ही पोहोचलो’ हेच व्याकरणशुद्ध. तरीही त्या दोन-तीन पानांपुरते मी ‘आपण पोहोचलो’ असेच ठेवले असते, आणि संपादकाने दुरुस्ती केली असती तर ती परत खोडली असती.